शेवग्याखालची बाटली

मी एक बाटली बोलतेय. दचकू नका, दारूची नाही. दारूच्या बाटलीशी बोलायला माणसं रात्रभर बसतात, माझ्याकडे कुणी धड बघतसुद्धा नाही. बोटभर उंची, पातळ प्लॅस्टिकचं अंग, पांढरं आट्याचं झाकण. पोटावर चिकटवलेली एक पट्टी आणि त्यावर दुसऱ्याचं नाव.

आज मी पनवेलच्या एका लॅबमध्ये मागच्या फळीवर उभी आहे. खाली पिवळी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात जे जातं ते जाळायला जातं. माझीही पाळी जवळ आली आहे, म्हणून पोटात आहे ते सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. साचा उघडला, मी खाली पडले आणि खोक्यात भरले गेले. आम्हा बहिणींचं नशीब खोकं कुठं उतरतं त्यावर असतं. काहींच्या पोटात लघवी जाते, काहींच्या पोटात थुंकी. मी पेणच्या एका दवाखान्यात उतरले आणि माझ्या पोटात फॉर्मालिन ओतलं गेलं. पाण्यासारखंच दिसतं, पण नाकाला झोंबतं आणि डोळ्यांतून पाणी काढतं. त्यात माणसाच्या अंगाचा तुकडा टाकला की तो सडत नाही, काढला तसाच राहतो. घट्ट राहायचं, सांडायचं नाही आणि पोचायचं, एवढंच माझं काम. घट्ट राहणं माझ्या हातात होतं, पोचणं मात्र माणसांच्या हातात.

भातकापणी उरकली होती, तेव्हा रंभा त्या दवाखान्यात आली. पेणजवळच्या जित्याच्या आतल्या बाजूला तिचं गाव. पावसात भात आणि त्यानंतर त्याच जमिनीत वाल, असं त्यांचं वर्ष फिरतं. बाई उंच, रापलेली आणि बोलघेवडी. बाकावर बसल्या बसल्या तिने शेजारणीचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी सगळं काढून घेतलं होतं. बरोबर तिचा मुलगा अक्षय होता. डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला जाणारा, तिच्या अगदी उलट, मोजकं बोलणारा.

तिच्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम होती.

"दात लागलाय," रंभा म्हणाली.

"कधीपासून?"

"पावसाच्या आधीपासनं."

डॉक्टरांनी जीभ रुमालात धरून बाजूला घेतली, बोटाने जखमेची कड चाचपली. मग विचारलं, "मिशरी लावता?"

"सकाळ-संध्याकाळ. आमच्यात सगळ्याच लावतात. सासूबाईंनीच शिकवली."

त्यांनी जीभ बधिर करून वालाच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि माझ्यात सोडला. तुकडा हळूहळू तळाशी गेला आणि पांढुरका पडत गेला. त्या क्षणापासून मला बरं वाटेनासं झालं. माझ्या बहिणींनी असले तुकडे नेले होते. फळीवर उभ्या उभ्या आम्ही डॉक्टरांचे चेहरे वाचायला शिकलो होतो.

"उद्याच्या उद्या पनवेलच्या लॅबमध्ये पोचवायची," डॉक्टरांनी मला अक्षयच्या हातात देत सांगितलं. "हे कळल्याशिवाय मला पुढचं काही करता येणार नाही. थांबू नका."

"पण हाय काय ते? नाव काय त्याचं?" रंभाने गालात कापूस धरून विचारलं.

"नाव लॅबवाले सांगतील. आधी पोचू दे."

मोटारसायकलवर मी अक्षयच्या शर्टाच्या खिशात होते. झाकण लावताना थोडं फॉर्मालिन बाहेर लागलं होतं, त्याचा वास रंभाला मागे बसून येत होता. तिचं माहेर रोह्याचं, धाटावच्या केमिकल कंपन्यांपासून हाकेच्या अंतरावर. ती म्हणाली, "अक्षय, खिशात माज्या म्हायेरची हवा भरून आणलीस काय रं?" पोरगा हसला नाही.

घरी मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. माझ्या एका बाजूला मिठाची बरणी होती आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचा एक डबा, झाकणावर काळ्या बोटांचे ठसे उठलेला. मिशरीचा, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीचा डबा. रात्रभर आम्ही शेजारी शेजारी होतो. त्याच्याकडून सुरू झालेलं काम माझ्या पोटात येऊन पडलं होतं आणि तो आपला निवांत बसला होता. मला त्याची चीड आली. पण त्याला तरी काय बोलणार, घरातल्या माणसांनीच त्याला मानाने फळीवर बसवलेलं.

त्या घरात चार माणसं. रंभा, तिचा नवरा महिपती, अक्षय आणि महिपतीची आई जनी. माणसं प्रेमळ. पण या आजाराचं नाव त्या घरात कुणी उच्चारत नसे. नाव घेतलं की त्याला दार दाखवल्यासारखं होतं, अशी त्यांची समजूत. "त्यो रोग" असं म्हणत, तेही दुसऱ्या कुणाबद्दल, आवाज खाली आणून. त्या संध्याकाळी तर तेवढंही कुणी म्हणालं नाही. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसले होते सगळे.

अक्षयचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशी कंपनीत मोठं काम निघालं होतं, पहिल्या शिफ्टला यायलाच हवं होतं. तो बापाला म्हणाला, "बाबा, उद्या जमलं तर तुमी जा. नायतर मी बगतो कसं ते."

"बगू," महिपती म्हणाला.

माझ्या आयुष्यात ऐकलेला सगळ्यात भयंकर शब्द हाच. बगू.

अक्षय उजाडायच्या आत गेला. महिपती मागच्या दारी तोंड धूत होता, रंभा चूल पेटवत होती. तेवढ्यात जनी फळीपाशी आली. पाठीत वाकलेली, पण हाताला पक्की. तिने मला उचललं, उजेडाकडे धरून आतला तुकडा पाहिला आणि पदराआड घेतलं. मला वाटलं, म्हातारी पोराच्या हातात द्यायला नेतेय. तिने मला रंभाच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं, चिंधीवर हळदीकुंकू सोडलं आणि घराच्या मागे शेवग्याखाली नेलं.

त्या शेवग्याखाली त्या घरातल्या सगळ्या मुलांची नाळ पुरलेली आहे. महिपतीची आहे, अक्षयची आहे. अंगाचा तुकडा घराच्या मातीत राहिला की माणूस घराला धरून राहतं, आणि तो परक्याच्या हातात पडला की माणसाला ओढून नेतात, करणी करतात, हे जनीने तिच्या आईकडून घेतलं होतं. सुनेचा तुकडा पनवेलला कोण कुठल्या माणसाच्या हाती जाणार, हे ऐकून रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. तिने खुरप्याने खड्डा खणला, मला आत ठेवलं आणि माती लोटताना हळूच म्हणाली, "ऱ्हा गो बाय हितंच. जाऊ नको."

ती माझ्याशी बोलत नव्हती. ती रंभाशी बोलत होती.

पुरलेलं सांगायचं नसतं, सांगितलं की त्याचा गुण जातो. म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही.

महिपती आत आला, त्याला फळी रिकामी दिसली. पोरानं नेली असणार, जाता जाता कुणाकडे तरी दिली असणार, असं तो धरून चालला. अक्षय संध्याकाळी आला, फळी रिकामी. बाबा जाऊन आले असणार. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नाही. विचारायचं तर तो विषय काढावा लागला असता.

मातीखाली उजेड नसतो, पण ऐकू सगळं येतं, आणि ऐकून ऐकून दिसायलाही लागतं. शेवग्याला लागूनच त्यांची भांडी घासायची जागा होती. त्या घराचं सगळं बोलणं तिथंच व्हायचं आणि माझ्यापर्यंत झिरपायचं.

रंभाची हाक मी तिथून पहिल्यांदा नीट ऐकली. दुपारी ती मागच्या दारी उभी राहायची आणि शेतातल्या महिपतीला साद घालायची, "अवोऽ, जेवाया याऽ." ती हाक शेत ओलांडून रेल्वेच्या रुळापर्यंत जायची. गावातल्या बायका तिच्या हाकेवर भात शिजायला घालतात, असं लोक म्हणायचे. मी पोटातला तुकडा सांभाळत ती हाक ऐकायची. आवाज तिचा, आणि तो जिथून निघतो तिथला एक कण माझ्यापाशी. मला फार वाईट वाटायचं.

वाल पेरून झाले, कोंब वर आले. एके दिवशी भांडी घासता घासता रंभाने विचारलं, "त्या पनवेलवाल्यांचं काय आलं नाय?"

"काय असतं तर फोन आला असता," महिपती म्हणाला.

"खरंच की," अक्षय म्हणाला. "दवाखान्यात नंबर हाय माझा. काय असतं तर गप बसले असते काय ते?"

मी आतून किंचाळले. प्लॅस्टिकची किंचाळी कुणाला ऐकू जाणार? फोन कुठून येणार होता? ज्याने सांगायचं तो तुकडा माझ्या पोटात होता आणि मी त्यांच्या पायाखाली.

हळूहळू 'फोन आला नाही'चं 'काही निघालं नाही' झालं. रंभा शेजारणीला सांगू लागली, "काय नाय गो निघालं. दातच लागत व्हता." तिने गावदेवीला नारळ दिला. उरलेलं नारळाचं पाणी आणून जनीने शेवग्याच्या मुळाशी ओतलं. तिला वाटत होतं, तिच्या पुरण्याचाच गुण आला. ते पाणी मातीतून, चिंधीतून माझ्या अंगावर उतरलं. गोड पाणी होतं ते, आणि मला त्याची इतकी भीती वाटली.

कारण हाक बदलत होती.

आधी तिची लांबी कमी झाली. "अवोऽ" एवढंच यायचं, पुढचं जेवण गळायचं. मग ती मऊ झाली, तोंडात काहीतरी धरून बोलावं तशी. महिपतीला ऐकू जाईना. तो उशिरा यायला लागला आणि रंभा त्याच्यावर चिडायची, "कान फुटले काय तुमचे?" त्याचे कान ठीक होते. शेवटी एका दुपारी हाक आलीच नाही. तिने ताट आणि पळी घेतली आणि वाजवून त्याला बोलावलं. महिपती हसत आला, म्हणाला, "आता काय बँड लावलास काय?" तीही हसली. मला ते ताट वाजलेलं अजून ऐकू येतं.

वालाच्या शेंगा भरल्या तशी अंगणात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, वर मीठ, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. संध्याकाळी सगळी आळी जमली होती. मडकं उलटं केलं तसा वास मातीखालपर्यंत आला. कुणीतरी रंभाला गरम शेंगा दिल्या. तिने एक तोंडात घातली आणि उठून भांड्यांच्या जागेपाशी आली, माझ्या डोक्यावर. तिथं तिने ती थुंकली. चूळ भरली, परत थुंकली. त्या पाण्यात मीठ होतं आणि रक्त होतं. दोन्ही माझ्यापर्यंत आलं.

जनी मागून आली. "काय झालं गो?"

"काय नाय. मीठ लागलं."

रंभाने म्हातारीचा हात घेऊन आपल्या मानेवर, जबड्याच्या खाली ठेवला. "हितं काय लागतंय का बगा."

जनीने हात लावला. तिची बोटं एका गाठीवर थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर काही दिवसांत आसावरीबाई आल्या. पेणच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार झाला होता. तो गेल्यावर त्या आणि चार-पाच जण मिळून अशा रोग्यांच्या घरच्यांना मदत करतात. कुठला कागद कशाचा ते समजावतात, मुंबईच्या हॉस्पिटलात कुठं उभं राहायचं, रोग्याबरोबरच्या माणसाने कुठं उतरायचं ते सांगतात. तुकडा काढून नेला आणि परत फिरकलेच नाहीत, अशांची चौकशी करायला डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. अक्षयने दवाखान्यात दिलेला नंबर मधे बंद झाला होता, म्हणून स्कूटर काढून त्या घरीच आल्या.

मागच्या दारी सावलीत सगळे बसले. बाईंनी रंभाकडे पाहिलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"रंभाताई, तुमची बाटली लॅबमध्ये पोचलीच नाही."

महिपती पोराकडे वळून म्हणाला, "अक्षय, तू नेलीस ना?"

"मी? मी शिफ्टला गेलो. तुमी नेलीत ना?"

"मला वाटलं तू नेलीस."

"मला वाटलं तुमी."

आसावरीबाईंनी दोघांनाही रागावलं नाही. "असं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरीही झालं होतं. कुणीच नाव काढत नव्हतं, मीसुद्धा. आम्ही एकमेकांना जपण्यातच वेळ घालवला." मग त्या रंभाला म्हणाल्या, "झालं ते झालं. उद्या माझ्याबरोबर चला. डॉक्टर पुन्हा एक लहानसा तुकडा घेतील, या वेळी मी स्वतः पोचवते."

"नाय," रंभा म्हणाली.

"का?"

"एकदा सुरी लावली आन् तवापासनं वाढलं. परत कुणाला हात लावू देणार नाय." जीभ जड झाल्यामुळे तिचे शब्द एकमेकांत अडकत होते, पण अर्थ सगळ्यांना कळला.

"सुरीनं नाही वाढलं ते, रंभाताई. मधे जो वेळ गेला त्यात वाढलं. तुकडा तपासल्याशिवाय मुंबईला औषध सुरू करणार नाहीत, ऑपरेशन करणार नाहीत. तुम्ही नुसत्या घरी बसून राहाल आणि हे पसरत जाईल."

"बसंन. पण कापून घेणार नाय."

अक्षय आईची समजूत घालू लागला. महिपतीने हात जोडले. रंभा उठून आत निघाली. माझ्या बाजूने सांगायचं तर, आता सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. मी सापडले तर तिला दुसऱ्यांदा कापायची गरज नव्हती. मी सापडले नाही तर ती दार लावून घेणार होती. आणि मी कुठे आहे हे जाणणारं एकच माणूस तिथं पायरीवर बसलं होतं, तोंडात मिशरीचं बोट तसंच धरून.

जनीने बोट काढलं. लुगड्याला पुसलं.

"ती हितं हाय," ती म्हणाली.

"काय हाय, आजी?" अक्षयने विचारलं.

"बाटली. मी पुरलीय. शेवग्याखाली."

महिपती आईवर ओरडायला उठला. तो तसाच जाऊन कुदळ घेऊन आला. पहिला घाव माझ्या उशाशी पडला, दुसरा त्याहून जवळ. माती हादरली, माझं अंग वाजलं. मी म्हटलं, संपलं. इतके दिवस सांभाळलं आणि आता यांच्याच हातून फुटणार. तेवढ्यात वर रंभाचा आवाज आला, जड, तुटका.

"थांबा. कुदळ नको."

ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती उकरू लागली. तिची बोटं चिंधीला लागली. तिने मला वर काढलं, चिंधी सोडली, पदराने पुसलं आणि उजेडाकडे धरलं. इतक्या दिवसांनी मला आभाळ दिसलं, आणि आभाळाच्या आधी तिचा चेहरा. गाल आत गेले होते.

"एवढंसं?" ती म्हणाली.

मग ती सासूकडे वळली. मला वाटलं आता म्हातारीची धडगत नाही. रंभा एवढंच म्हणाली, "आत्याबाय, मला तरी सांगायचं व्हतं."

"तू जाशील म्हणून पुरला गो," जनी म्हणाली आणि रडायला लागली. "तुकडा घरातनं गेला की माणूस जातं. मला दुसरं काय येतंय?"

रंभा तिच्याजवळ बसली. तिचा हात मातीने भरलेला होता, तोच तिने म्हातारीच्या पाठीवर ठेवला.

अक्षयने हात पुढे केला. रंभाने मला त्याच्या हातात दिलं. या वेळी कुणी 'बगू' म्हणालं नाही. आसावरीबाईंनी लॅबला फोन लावला आणि अक्षयने गाडीची किल्ली घेतली. जनी मागे आली, डोळे पुसत. "त्यो परत आणशील ना रं? आणलास की परत ठेवू. तवर खड्डा मी बुजवत नाय."

"आणीन," अक्षय म्हणाला.

पनवेलच्या लॅबमध्ये सुशील नावाचा मुलगा काउंटरवर होता. त्याने पट्टीवरची तारीख पाहिली, मग हळदीचे डाग पाहिले आणि भुवया वर केल्या. झाकण उघडलं, वास घेतला. "फॉर्मालिन आहे. तुकडा ठीक आहे," तो म्हणाला. मला फार अभिमान वाटला. मातीत राहून, नारळाचं पाणी आणि रक्ताचं पाणी अंगावर घेऊन मी थेंबभर सांडले नव्हते. पण तो अभिमान टिकला नाही. मी तुकड्याला तसाच राखला होता, पण रंभाच्या जिभेत मागे राहिलेलं तसंच राहिलं नव्हतं.

त्यांनी तुकड्यातला बराचसा भाग मेणात बसवला, त्याचे कागदाहून पातळ काप काढले, काचेवर ठेवून रंगवले. आतल्या खोलीत डॉक्टरांनी ते भिंगाखाली पाहिले. बाहेर येऊन त्यांनी जे नाव सांगितलं ते त्या घरात कुणी घेत नव्हतं. जिभेचा कॅन्सर. तेच नाव माझ्या पोटात असताना त्या घराने नारळ फोडला होता.

पुढचं मी काउंटरवरच्या बोलण्यातून ऐकलं. मानेतल्या गाठीतही तो गेला होता. आधी आले असते तर जिभेचा छोटा भाग काढून भागलं असतं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता अर्धी जीभ आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि नंतर रेडिएशनचा शेकही द्यावा लागेल. बरं होण्याची आशा आहे म्हणाले, पण आशा हा शब्द त्यांनी जपून वापरला.

आज सकाळी अक्षय परत आला. मेणाचा ठोकळा आणि काचा मुंबईला न्यायच्या होत्या. नाव कळल्यावर रंभा ऑपरेशनला तयार झाली, तिला तिथं भरती केलं आहे, महिपती आणि आसावरीबाई तिच्यापाशी आहेत. सुशीलने सगळं नीट बांधून दिलं, तरी अक्षय काउंटरसमोरून हलेना.

"हा ठोकळा काम झालं की परत मिळतो काय?"

"नाही. तो हॉस्पिटलमध्ये ठेवतात, बरीच वर्षं. पुढे गरज पडली तर पुन्हा बघता येतो. आणि रोग्याची संमती असली तर अभ्यासालाही वापरतात."

"आईनं सही दिलीय त्याची," अक्षय म्हणाला. "म्हणाली, दुसऱ्या कुणाचं लवकर कळत असंल तर ठेवा." मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आन् बाटलीत उरलेलं?"

"ते आम्ही ठरावीक दिवस ठेवतो, मग जाळायला जातं. याचे दिवस आज भरतात. ते देता येत नाही. का हो?"

अक्षयने त्याला खड्ड्याचं सांगितलं. म्हातारीने अजून बुजवू दिला नाही, सगळे त्याला वळसा घालून जातात, तिथं भांडीसुद्धा कुणी घासत नाही, ती रोज सकाळी आत पडलेला पाला वेचून काढते. सुशील ऐकत राहिला. मग त्याने खालून एक नवी कोरी बाटली काढली, माझ्यासारखीच, आणि काउंटरवर ठेवली. "ही न्या. म्हातारं माणूस आहे. काहीतरी घालून द्या आत. त्यांना काय कळणार?"

अक्षयने ती उचलली. झाकण फिरवून पाहिलं. मी फळीवरून बघत होते. एवढीशी तर गोष्ट, आणि म्हातारीला झोप लागली असती.

त्याने बाटली परत ठेवली. "नको," तो म्हणाला. "आमच्यात कुणी कुणाला सांगितलं नाय म्हणून हे झालं."

त्याने तिथंच घरी फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. त्याने सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्याने आजीसमोर पहिल्यांदा उच्चारला. पलीकडे बराच वेळ कावळ्यांचा आवाज येत राहिला.

"त्यो तुकडा येणार नाय म्हंजे?" जनीने विचारलं.

"नाय, आजी. खड्डा बुजव आता. कुणी पडंल त्यात."

"रंभा कधी यायची?"

"ऑपरेशन झालं की सांगतील. मी सांगेन तुला. जे काय आसंल ते सांगेन."

"मंग ती आली की तिच्याच हातनं बुजवू," जनी म्हणाली. "तिनं उकरलाय, तिनंच बुजवायचा. तवर ऱ्हाऊ दे उघडा."

अक्षयने फोन खिशात टाकला. काचांची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तो गेला. त्याच्या पाठीकडे मी दरवाजा बंद होईपर्यंत बघत राहिले. रंभाची हाक मला आता कुणी ऐकवणार नाही. ती परत त्या मागच्या दारी उभी राहिली का, तिने ताट वाजवलं का, हे कळायला मी इथं नसेन.

तुमच्या हातात माझी कुणी बहीण आली तर एवढं ऐका. तिला फळीवर ठेवू नका. 'बगू' म्हणू नका. फोन आला नाही म्हणजे काही नाही, असं धरून चालू नका, उठून विचारायला जा. आणि घरातल्या माणसाला विचारा, तू नेलीस ना? तो रागावला तरी विचारा. तोंडात न भरणारी जखम असेल तर दाताच्या नावावर खपवू नका.

सुशील पिवळी पिशवी बांधायला दोरी शोधतोय. मला जाळतील, त्याचं काही वाटत नाही, माझं काम मी केलं. पण जित्याच्या आतल्या त्या गावात, शेवग्याखाली, एक खड्डा अजून उघडा आहे. म्हातारी रोज सकाळी त्यातला पाला काढते. तो कोण बुजवणार, ते अजून मुंबईहून कळलेलं नाही.